'चिप कोणी केली?' हा प्रश्न अपुरा आहे

१/
खापा. नागपूर जिल्ह्यातील सावनेर तालुका, कन्हान नदीचा काठ, नागपुरापासून सुमारे ३५ किलोमीटर. हातमागाचे जुने गाव. आजचा धागा या गावातून निघतो आणि पुण्याच्या महासंगणकावरून पवईच्या प्रोसेसरपर्यंत जातो. वाद एकच आहे: 'स्वदेशी चिप' म्हणून आपण जिचा जयजयकार करतो, ती आपली आहे हे कशावरून ठरवावे?

२/
आधी एक गैरसमज दूर करू. 'माग हाच पहिला संगणक, म्हणून संगणक मुळात आपल्या विणकरांचा' अशा आशयाचा मजकूर इतिहासप्रेमींच्या गटांत अधूनमधून फिरतो. तो निराधार आहे. छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर नक्षी नोंदवणारा माग १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील लिआँ येथे जॅकार्डने सिद्ध केला आणि पत्त्यांची कल्पना बॅबेजने तेथून घेतली. खाप्याच्या विणकराला असल्या उसन्या मोठेपणाची गरज नाही. त्याचा खरा इतिहास आपल्या अधिक कामाचा आहे.

३/
तो इतिहास असा. माग विणकराच्या घरात असे. गावातला सुतार तो घडवू शके आणि मोडला तर दुरुस्त करू शके. लुगड्याच्या काठाची वीण विणकराच्या बोटांत आणि स्मरणात असे. ती बदलायला, मोडून नवी बसवायला किंवा मुलाला शिकवायला त्याला कोणा कंपनीचा परवाना लागत नसे. साधन आणि विद्या, दोन्ही त्याच्या हातात होती.

४/
तरीही विणकर परावलंबी झाला. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात पोहोचली. विलायती सूत आणि कापड स्वस्त झाले. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. हातसुताची जागा गिरणीच्या सुताने घेतली. माग घरचाच राहिला. सूत मात्र व्यापाऱ्याच्या उधारीवर येऊ लागले आणि कापडाचा भावही त्याच्याच हाती गेला.

५/
या चित्राला सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही. विणकामाची विद्या विशिष्ट जातींच्या घरांतच फिरत असे. बाहेरच्याला ती सहजी मिळत नसे. 'खुली' म्हणावी अशी ती नव्हतीच. तेव्हा खाप्याकडून दोन धडे घ्यायचे. विद्या कोणाच्या हातात आहे, हे विचारा. आणि सूत कोणाचे आहे, हेही विचारा. हे दोन प्रश्न घेऊन आता पुण्याला जाऊ.

६/
'परम'ची कथा तुम्हांस ठाऊक आहे. अमेरिकेने महासंगणक नाकारला आणि आपण तो स्वतः बांधला. यातील पहिले अर्धे वाक्य अर्धसत्य आहे. भारताला क्रे कंपनीचा एक्स-एमपी २४ हवा होता. अमेरिकेने त्याहून कमी शक्तीचा एक्स-एमपी १४ दिला, तोही हवामानाच्या अंदाजापुरता. हवे ते मिळाले नाही हे मात्र खरे, आणि त्या खंतीतूनच १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली.

७/
सी-डॅकची धुरा विजय भटकर यांच्याकडे आली. अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचा हा मुलगा नागपुरात अभियंता झाला होता. ३ वर्षांत, १९९१ मध्ये, 'परम ८०००' उभा राहिला. अनेक प्रोसेसर एकाच गणितावर एकत्र राबवण्याची रचना आणि ते काम चालवणारे सॉफ्टवेअर येथे घडले. ही कामगिरी खरी आहे. तिच्याविषयी या धाग्यात तिळमात्र अनादर नाही.

८/
पण 'परम ८०००'च्या आत कोणता प्रोसेसर होता? ट्रान्सप्युटर. तो इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचा. आपल्या अभिमानकथांत या नावाचा उल्लेख फार क्वचित सापडतो. का? कारण 'कोणी केले?' एवढाच प्रश्न विचारला की उत्तर 'आपण केले' असे येते आणि चौकशी तेथेच थांबते.

९/
इन्मॉसचे पुढे काय झाले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने वाचलेच पाहिजे. १९७८ मध्ये ब्रिटिश सरकारच्या पैशातून ती उभी राहिली. १९८४ मध्ये सरकारने ती थॉर्न-ईएमआय या खासगी उद्योगाला विकली. १९८९ मध्ये ती एसजीएस-थॉमसनकडे गेली. पुढचा मोठा ट्रान्सप्युटर, टी ९०००, रखडला आणि अखेर सोडून देण्यात आला. करदात्याच्या पैशाने घडलेली विद्या कंपनीबरोबर हात बदलत गेली आणि ट्रान्सप्युटरचा वंश संपला.

१०/
आता 'परम'ची वंशावळ पाहा. परम ८०००: ट्रान्सप्युटर. परम ८६००: त्याच्या जोडीला इंटेलचा आय-८६०, जो पुढे इंटेलने बंद केला. १९९४ चा परम ९०००: सुपरस्पार्क. १९९८ चा परम १००००: सन कंपनीचा अल्ट्रास्पार्क. २००३ चा परम पद्म: आयबीएमचा पॉवर ४. प्रत्येक पिढीत नाव 'परम', आतले सूत मात्र दर खेपेस दुसऱ्या गिरणीचे.

११/
हा दोष सी-डॅकच्या अभियंत्यांचा नव्हे. त्या काळी बाजारात जे मिळे त्यातूनच त्यांना बांधावे लागे. दोष आपल्या स्मरणाचा आहे. आपण यंत्राची मिरवणूक जपली आणि त्यातला धडा हरवला. परक्या कंपनीच्या प्रोसेसरवर उभे राहिलेले कौशल्य त्या कंपनीच्या मर्जीवर जगते, हा तो धडा होता.

१२/
या कथेची दुसरी बाजूही महाराष्ट्रातच आहे, आणि म्हणूनच हा धागा लिहावासा वाटला. वर 'स्पार्क' हे नाव आले. १९९८ मध्ये पुण्यात स्पार्क ही विकत आणलेली वस्तू होती. २०१९ मध्ये पवईच्या आयआयटी मुंबईने 'अजित' हा ३२ बिटांचा प्रोसेसर जाहीर केला. त्याचा आज्ञासंचही स्पार्कच होता, पण या वेळी प्रोसेसर मुळापासून तेथेच रचला गेला. मधल्या काळात काय बदलले?

१३/
येथे 'आज्ञासंच' म्हणजे काय ते स्पष्ट करतो. प्रोसेसरला कळणाऱ्या मूळ आज्ञांची ती यादी: बेरीज कर, स्मृतीतून आकडा उचल, अमुक ठिकाणी उडी मार. सॉफ्टवेअर या यादीच्या भाषेत उतरते आणि प्रोसेसर ती भाषा समजतो. ही भाषा वापरायला कंपनीचा परवाना लागत असेल, तर त्या भाषेत बोलणारा नवा प्रोसेसर तुम्ही कितीही हुशार असलात तरी बाजारात आणू शकत नाही.

१४/
स्पार्कचे वेगळेपण असे की सनने तो १९८७ मध्ये आणला आणि १९८९ मध्ये त्याचा कारभार स्पार्क इंटरनॅशनल या स्वतंत्र संस्थेकडे सोपवला. त्याची आठवी आवृत्ती १९९४ मध्ये आयईईईचे १७५४ क्रमांकाचे मानक झाली. पुढे, २०१० मध्ये, सनला ओरॅकलने गिळले. २०१७ मध्ये ओरॅकलने स्पार्कवर काम करणाऱ्या बहुसंख्य लोकांना घरी पाठवले. मूळ घर ओस पडले.

१५/
आणि घर ओस पडल्यावर २ वर्षांनी पवईत 'अजित' जाहीर झाला. प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो त्याच आठव्या आवृत्तीवर रचला. मोहालीच्या सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीत, १८० नॅनोमीटरच्या प्रक्रियेवर, त्याची चिप उतरली. ट्रान्सप्युटर आपल्या कंपनीबरोबर मेला. स्पार्क कंपनीच्या मृत्यूनंतरही दुसऱ्या देशात नव्याने जन्मला, कारण त्याचे व्याकरण कोणालाही वाचता येत होते. माझ्या मते या सबंध वादाचा निकाल येथेच लागतो.

१६/
आणखी एक गोष्ट, जी बातम्यांच्या मथळ्यांत आली नाही. या गटाने चिप रचण्याचे साधनही स्वतः घडवले. 'अहीर' नावाचे हे साधन वरच्या पातळीवरच्या प्रोग्रामचे रूपांतर प्रत्यक्ष मंडलाच्या वर्णनात करते, आणि ते खुलेपणाने उपलब्ध आहे. चिपचा फोटो पाहून अभिमान वाटतो. माग आणि फणी गावात घडवता येऊ लागली, हे मात्र अधिक टिकाऊ यश असते.

१७/
आता रिस्क-फाइव्हकडे. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात हा आज्ञासंच जन्मला आणि कोणालाही विनापरवाना वापरता यावा म्हणून खुला केला गेला. भारतात २०१४ पासून आयआयटी मद्रासने त्यावर 'शक्ती' हा प्रोसेसर उभारला आणि त्याचा रचना-मजकूरही खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध केला. २०१८ मध्ये शक्तीची एक चिप अमेरिकेत इंटेलच्या कारखान्यात आणि एक मोहालीत बनली.

१८/
येथे सावध राहा, कारण 'ओपन सोर्स' हा शब्दही मिरवणुकीत सामील झाला आहे. आज्ञासंच खुला असला म्हणजे त्यावरचा प्रोसेसर खुला होतोच असे नाही. व्याकरण सर्वांचे असले तरी पुस्तक कुलूपबंद असू शकते. म्हणून चार पायऱ्या वेगळ्या मोजा. आज्ञासंच खुला आहे का? प्रोसेसरची रचना खुली आहे का? रचण्याची साधने खुली आहेत का? आणि कारखान्याची नियमपुस्तिका खुली आहे का?

१९/
चौथी पायरी सर्वांत अवघड. कारखाना किती जाडीची रेघ ओढू शकतो, दोन रेघांत किती अंतर हवे, ट्रान्झिस्टर कसा वागतो, याचा संच म्हणजे पीडीके. तो सामान्यतः गोपनीयतेच्या करारावाचून हाती येत नाही. २०२० मध्ये गूगल आणि स्कायवॉटर या अमेरिकी कारखान्याने १३० नॅनोमीटरचा पीडीके सर्वांसाठी खुला केला. विद्यार्थी, हौशी, निवृत्त अभियंते चिप रचू लागले.

२०/
या चळवळीत चिपा छापून घेण्याची व्यवस्था पाहणारी ई-फॅबलेस ही कंपनी २०२५ च्या आरंभी बंद पडली. काहींच्या चिपा अडकल्या, हे खरे. पण पुढे काय झाले पाहा. पीडीके खुला होता, साधने खुली होती, रचना लोकांच्या संगणकांवर होत्या. काम जर्मनीतील खुल्या पीडीकेच्या आधारे आणि इतर वाटांनी पुढे चालू राहिले. इन्मॉसची आठवण ठेवा आणि तुलना करा.

२१/
आता आक्षेपांकडे वळतो.
'आपण खुले केले तर चीन उचलेल.' रिस्क-फाइव्ह चीनकडे आधीच आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतील काही लोकप्रतिनिधींनी त्यावर निर्बंधांची मागणी केली, ती याच कारणाने. आणि असल्या राजकारणाची झळ लागू नये म्हणूनच या आज्ञासंचाची संस्था २०२० मध्ये स्वित्झर्लंडला हलली होती. आपल्या रचनेला कुलूप लावून चीनचे काही बिघडणार नाही. नागपूरच्या विद्यार्थ्याचे मात्र बिघडेल, कारण वाचायला मिळाली असती ती रचना त्याला कधीच दिसणार नाही.

२२/
'गुप्तता म्हणजे सुरक्षितता.' व्यवस्था शत्रूच्या हाती पडली तरी अडचण होऊ नये, असे कर्कहॉफ्स याने संकेतलेखनाविषयी १८८३ मध्येच बजावले होते. जानेवारी २०१८ मध्ये 'स्पेक्टर' आणि 'मेल्टडाउन' हे दोष उघड झाले. ते बंद रचनेच्या प्रोसेसरांत वर्षानुवर्षे दडून होते. खुली रचना आपोआप निर्दोष ठरत नाही, तीही कोणीतरी वाचावी लागते. पण ती वाचता तरी येते. युरोपीय अंतराळ संस्थेत जन्मलेल्या 'लिऑन' या स्पार्क प्रोसेसरची रचना खुली केली गेली, आणि तो अवकाशयानांत उडाला.

२३/
'खुलेपणाने पोट भरत नाही.' हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. २००१ च्या सुमारास बंगळूरच्या 'सिम्प्युटर'ने स्वस्त, हातात मावणारा संगणक देऊ केला. त्याच्या हार्डवेअरलाही खुल्या धर्तीचा परवाना होता. तरी तो बाजारात टिकला नाही. परवाना चांगला असला म्हणून माल खपत नाही, हे मान्य. पण हेही पाहा: त्याच्या पोटातला स्ट्राँगआर्म हा प्रोसेसर बंद होता. गाभा तेवढा परका, बाकी सारे खुले.

२४/
'मग बंद पण विश्वासू कंपनीचा परवाना घेऊ.' सी-डॅकने महासंगणकांसाठी जाहीर केलेला 'औम' हा प्रोसेसर आर्म कंपनीच्या रचनेवर आधारलेला आहे. मोठ्या महासंगणकासाठी आज ती निवड व्यवहार्य असेल. पण २०२२ मध्ये याच आर्मने क्वालकॉमसारख्या आपल्या बलाढ्य ग्राहकाला परवान्याच्या अटींवरून न्यायालयात खेचले. क्वालकॉमकडे लढायला वकिलांची फौज होती. आपल्या एखाद्या छोट्या उद्योगाकडे काय असेल?

२५/
'१८० नॅनोमीटर म्हणजे कालबाह्य.' मोबाइलसाठी, होय. वीजमीटर, मोटारीचे नियंत्रक, उपग्रहातील काही भाग यांना तेवढेच पुरते. शिकण्यासाठी तर ते पुरून उरते. आणि मोहालीची स्वतःची कथा विसरू नका. १९८० च्या दशकात तेथे चिपनिर्मिती सुरू झाली. १९८९ मध्ये कारखान्याला आग लागली आणि कित्येक वर्षे गेली. एकच कारखाना, एकच कुलूप, एकच आग. विद्या अनेक हातांत पसरलेली असेल तरच ती अशा आगीतून वाचते.

२६/
आता माझे म्हणणे नेमकेपणाने मांडतो. सरकारी पैशातून घडणाऱ्या प्रोसेसरची रचना, चाचण्या आणि दस्तऐवज खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध व्हावेत. संरक्षणासारखे अपवाद कारणासह नोंदवावेत. केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये रिस्क-फाइव्हसाठी 'डीआयआर-व्ही' हा कार्यक्रम जाहीर केला. त्याचे यश किती चिपा बनल्या यावर मोजू नका. किती रचना बाहेरच्या माणसाला वाचता आणि सुधारता आल्या, यावर मोजा.

२७/
दुसरी मागणी: मोहालीच्या १८० नॅनोमीटर प्रक्रियेचा पीडीके खुला करावा. ती प्रक्रिया इस्रायलच्या टॉवर कंपनीच्या तंत्रज्ञानावर आधारलेली आहे, तेव्हा त्यात परक्या हक्कांचा गुंता असणार. मग तो वाटाघाटीने सोडवावा. एका अमेरिकी खासगी कारखान्याला जे परवडले, ते भारतीय सार्वजनिक प्रयोगशाळेने अशक्य मानू नये.

२८/
तिसरी: साधने. सरकार महाविद्यालयांना परदेशी कंपन्यांची महागडी रचना-सॉफ्टवेअरे वापरायला देते. चांगलेच आहे. पण पदवी मिळाली की तो दरवाजा बंद होतो. उलट आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पाचे 'ई-सिम' हे मंडल-रचनेचे साधन विनामूल्य आणि मुक्त आहे. विद्यार्थी त्यात आपली मंडले घालून भर टाकतात. त्याच संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये अनेक मुक्त साधनांचे धडे मराठीतही आहेत. यांना मिळणारा सरकारी पाठिंबा परवान्यांवरच्या खर्चाच्या तोडीचा असला पाहिजे.

२९/
आणि सूत? कारखाना उभारणे गावाच्या, महाविद्यालयाच्या किंवा हौशी गटाच्या आवाक्याबाहेरचे आहे. येथे खुलेपणाची मर्यादा मी मान्य करतो. खाप्याचा इतिहास हेच सांगतो: माग आपला असूनही सूत परक्याचे असले की भाव परकाच ठरवतो. पुढे महाराष्ट्रात सहकारी सूतगिरण्या निघाल्या, त्यांतल्या पुष्कळ बुडाल्याही. पण उत्तर अवघड आहे म्हणून प्रश्न सोडता येत नाही. रचना खुली असेल तर निदान गिरणी बदलता येते. शक्ती दोन देशांतल्या दोन कारखान्यांत छापली गेली, हे विसरू नका.

३०/
इतिहासप्रेमी मित्रहो, पुढच्या वेळी एखाद्या चिपवर तिरंगा झळकला की आनंद जरूर माना. मग चार प्रश्न विचारा. आज्ञासंच कोणाचा? रचना वाचता येते का? कोणत्या साधनांनी घडली? कोणत्या कारखान्यात छापली, आणि तो बंद पडला तर दुसरीकडे छापता येईल का? ही उत्तरे नसतील, तर ते छायाचित्र आणखी ३० वर्षांनी कोणीतरी 'परम ८०००'च्या छायाचित्राशेजारी ठेवील, आणि पुन्हा आतल्या प्रोसेसरचे नाव सांगायला विसरेल.

३१/
खाप्याच्या मुलीला उद्या चिप रचावीशी वाटली, तर आज तिच्या घरच्या संगणकावर काय उतरवून घेता येते? शक्तीची रचना, ई-सिम, अहीर, परदेशातले खुले पीडीके. हे थोडे नाही. पण या यादीत आपल्या स्वतःच्या सरकारी कारखान्याची नियमपुस्तिका नाही. हा धागा त्या एका रिकाम्या जागेसाठी आहे. मतभेद असतील तर जरूर लिहा, पुराव्यासह लिहा.